दोनदा अनुत्तीर्ण झालेला गणिती : एव्हारिस्त गाल्वा

हीरकमहोत्सवी ग्रंथात गुणवंतांच्या नामावलीला मानाचे पान असते, आणि ते असावेच. परंतु साठ वर्षांच्या वाटचालीत प्रत्येक शाळेच्या पटावर आणखीही काही नावे येऊन गेलेली असतात. निकालाच्या दिवशी गुणपत्रिका दप्तराच्या तळाशी ठेवून आडवाटेने घरी जाणाऱ्या, गणितात राहिलेल्या मुलांची ही नावे. पुढे महिन्या-दोन महिन्यांत पुरवणी परीक्षा असते. तेवढ्या अवधीत कुणीतरी मोठे माणूस, कधी शिक्षक, कधी थोरली बहीण, कधी शेजारचे निवृत्त काका, त्या मुलाला घेऊन वही-पेन्सिल मांडून बसते. त्या मुलासाठी आणि त्याच्याजवळ बसणाऱ्या त्या माणसासाठी पुढील चरित्र लिहिले आहे. ज्याच्या नावाने आज आधुनिक बीजगणिताची एक शाखा ओळखली जाते, तो एव्हारिस्त गाल्वा गणितप्रधान अशा एकाच प्रवेशपरीक्षेत दोनदा अनुत्तीर्ण झाला होता. त्याला गणित येत नव्हते म्हणून नव्हे. मग का, हाच या चरित्रातला शिकण्याजोगा भाग आहे.

गाल्वाचा जन्म २५ ऑक्टोबर १८११ रोजी पॅरिसच्या दक्षिणेस असलेल्या बूर-ला-रेन या गावी झाला. वडील निकोला-गाब्रिएल हे एक शाळा चालवीत. १८१५ पासून ते गावाचे नगराध्यक्षही होते. वृत्तीने मोकळे, विनोदी आणि स्वातंत्र्यप्रेमी अशी त्यांची ख्याती होती. आई विद्वान घराण्यातली असून लॅटिन आणि ग्रीक वाङ्मयात तिला चांगली गती होती. वयाच्या बाराव्या वर्षापर्यंत एव्हारिस्तचे शिक्षण घरी, तिच्याच हाताखाली झाले. १८२३ च्या ऑक्टोबरात त्याला पॅरिसमधील लुई-ल-ग्रां या प्रसिद्ध विद्यालयात घातले. जाड भिंती, कडक शिस्त आणि राजसत्तेच्या बाजूने झुकलेले व्यवस्थापन असे त्या विद्यालयाचे रूप होते. त्याच शैक्षणिक वर्षात तेथील विद्यार्थ्यांनी शिस्तीविरुद्ध बंड पुकारले आणि कित्येकांना काढून टाकण्यात आले. गाल्वा त्यांत नव्हता, पण त्या वातावरणाचा ठसा त्याच्या मनावर कायमचा उमटला.

पहिली काही वर्षे तो चांगला विद्यार्थी म्हणून गणला गेला. त्यानंतर अभ्यासातले त्याचे लक्ष उडाले. १८२६ च्या शरदात तो साहित्यशास्त्राच्या वरच्या वर्गात गेला, परंतु हा मुलगा अजून लहान आहे, त्याची समज पक्व झालेली नाही, असे मुख्याध्यापकांचे मत पडले. १८२७ च्या आरंभी, वर्ष अर्ध्यावर असताना, त्याला पुन्हा खालच्या वर्गात बसवण्यात आले. पंधरा वर्षांच्या मुलाला हा अपमान केवढा वाटला असेल, हे वेगळे सांगावयास नको. मात्र या नामुष्कीतूनच त्याच्या आयुष्याची दिशा ठरली. झालेलाच अभ्यास पुन्हा करावयाचा असल्याने त्याला वेळ उरू लागला आणि ऐच्छिक असलेल्या गणिताच्या वर्गात त्याने नाव घातले.

त्या वर्गात लझांद्र यांचा भूमितीचा ग्रंथ त्याच्या हाती पडला. इतर मुले जो ग्रंथ महिनोन्‌महिने घोकत, तो त्याने एखादी कादंबरी वाचावी तसा वाचून संपवला. पाठोपाठ तो लाग्रांज यांच्या बीजगणितावरील मूळ लेखनाकडे वळला. गणिताने त्याला असे झपाटले की बाकीचे विषय मागे पडले. त्याचे त्या वेळचे शिक्षक व्हेर्निये यांना त्याची बुद्धिमत्ता दिसली होती, पण त्याच्या कामात पद्धत नाही, हेही त्यांनी शेऱ्यांत नोंदवून ठेवले. अभ्यास क्रमाने आणि नेटकेपणाने कर, एवढाच त्यांचा आग्रह होता. गाल्वाने तो मनावर घेतला नाही. तो बहुतेक आकडेमोड डोक्यातच करी. कागदावर उतरे ते शेवटचे फळ, आणि मधल्या पायऱ्या त्याला लिहिण्याजोग्या वाटतच नसत.

त्याचे सारे लक्ष एकोल पॉलिटेक्निक या संस्थेकडे लागले होते. फ्रान्सच्या क्रांतीच्या काळात स्थापन झालेली ही संस्था तेव्हा गणिताची पंढरी होती आणि स्वातंत्र्यवादी तरुणांचे माहेरघरही. प्रवेशपरीक्षा तोंडी असे. परीक्षक प्रश्न घालीत आणि उमेदवाराने फळ्यापाशी उभे राहून उत्तर सिद्ध करून दाखवावयाचे. या परीक्षेसाठी एका खास वर्गात वर्षभर तयारी करण्याचा प्रघात होता. गाल्वाने तो वर्ग न करताच, नेहमीपेक्षा एक वर्ष आधी, १८२८ मध्ये परीक्षा दिली आणि तो अनुत्तीर्ण झाला. आपल्यावर अन्याय झाला, असे त्याला वाटले. खरे पाहता हे अपयश सर्वसाधारण प्रकारचेच होते. अवघड प्रांतात तो पुष्कळ पुढे गेला होता, परंतु परीक्षेला लागणारा नेहमीचा भाग त्याने घोटलेला नव्हता.

त्या वर्षीच्या ऑक्टोबरात तो खास गणिताच्या वर्गात दाखल झाला आणि तेथे त्याला लुई-पोल-एमिल रिशार हे शिक्षक लाभले. रिशार (१७९५–१८४९) यांनी स्वतःच्या नावावर एकही शोधनिबंध प्रसिद्ध केला नाही, तरी शिकवण्याच्या कामात त्यांच्या तोडीचे त्या काळात थोडेच असतील. नव्याने होणाऱ्या संशोधनाशी ते स्वतःचा परिचय ताजा ठेवीत आणि ते वर्गापर्यंत आणीत. नेपच्यून ग्रहाचे स्थान गणिताने सांगणारे ल व्हेरिये हेही त्यांचेच विद्यार्थी. गाल्वाच्या वह्या पाहताच आपल्या वर्गात कोण बसले आहे, हे रिशार यांनी ओळखले. इतर सर्व विद्यार्थ्यांहून हा फार वरच्या पायरीवर आहे, असा अहवाल त्यांनी दिला. याला परीक्षेविनाच पॉलिटेक्निकमध्ये घ्यावे, असेही त्यांचे मत होते.

रिशार यांनी गाल्वासाठी काय केले, ते बारकाईने पाहण्यासारखे आहे. सर्वप्रथम त्यांनी त्याच्या मनातला न्यूनभाव दूर केला. ज्या मुलाविषयी विद्यालयात विक्षिप्त, उद्धट, आळशी असे शेरे साचले होते, त्याच्या बुद्धीला त्यांनी उघडपणे मान दिला. त्याच्या डोक्यात जे होते ते त्यांनी कागदावर उतरवून घेतले, ही दुसरी गोष्ट. त्यांच्या प्रोत्साहनाने आवर्ती वितत अपूर्णांकांवरचा गाल्वाचा पहिला निबंध एप्रिल १८२९ मध्ये एका गणिती नियतकालिकात प्रसिद्ध झाला. तेव्हा त्याला अठरावे वर्ष चालू होते. मे महिन्याच्या अखेरीस समीकरणांविषयीचे त्याचे संशोधन पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे गेले आणि तपासणीसाठी कोशी यांच्यासारख्या थोर गणितज्ञाकडे सोपवले गेले. तिसरी गोष्ट दिसावयास अगदी साधी आहे : वर्गातल्या त्याच्या वह्या रिशार यांनी जपून ठेवल्या. तिचे महत्त्व पुढे कळेल.

दुसऱ्या परीक्षेची वेळ आली ती मात्र भलत्याच दुःखाबरोबर. बूर-ला-रेनमध्ये आलेल्या एका नव्या धर्मगुरूचे निकोला-गाब्रिएल यांच्याशी राजकीय वैर जुंपले होते. नगराध्यक्षांच्या नावावर खोटी, निंदाव्यंजक कवने रचून पसरवण्यात आली. ती बदनामी असह्य होऊन त्या सज्जन माणसाने २ जुलै १८२९ रोजी पॅरिसमध्ये, मुलाच्या विद्यालयापासून हाकेच्या अंतरावर, आपले जीवन संपवले. अंत्ययात्रेच्या वेळी गावात दंगल उसळली. या आघाताला काही आठवडेही लोटले नाहीत तोच गाल्वा पॉलिटेक्निकच्या फळ्यापाशी दुसऱ्यांदा उभा राहिला. नियमाप्रमाणे ही संधी शेवटची होती.

त्या दालनात नेमके काय घडले, याविषयी नाना कथा आहेत. रागाच्या भरात त्याने फळा पुसण्याचे फडके परीक्षकाच्या अंगावर भिरकावले, ही त्यांतली सर्वांत प्रसिद्ध, पण ती दंतकथाच समजावी. सर्वसाधारणपणे मानले जाते ते इतकेच : परीक्षकाने विचारलेली गोष्ट गाल्वाला इतकी उघड वाटली की तिचे स्पष्टीकरण देण्याची त्याला गरज वाटेना, आणि परीक्षकाला तर स्पष्टीकरणच हवे होते. पुन्हा तो नापास झाला. पॉलिटेक्निकचे दार त्याला कायमचे बंद झाले.

येथे परीक्षकाला मूर्ख आणि गाल्वाला हुतात्मा ठरवून मोकळे होणे सोपे आहे. तसे लिहिणारे पुष्कळ झाले. परंतु त्याचे पुढचे आयुष्य पाहिले, तर तोच एक दोष पुन्हा पुन्हा आडवा आलेला दिसतो. १८२९ च्या अखेरीस, शिक्षक घडवणाऱ्या एकोल नॉर्माल या संस्थेत प्रवेश मिळवण्यासाठी त्याने पदवीपूर्व परीक्षा दिली. गणिताच्या परीक्षकांनी त्याच्या संशोधकवृत्तीची वाखाणणी केली, पण त्याची मांडणी कधी कधी दुर्बोध होते, असेही नमूद केले. भौतिकीच्या परीक्षकांना तर त्याला काहीच येत नाही असे वाटले. १८३० मध्ये अकादमीच्या मोठ्या पारितोषिकासाठी त्याने निबंध पाठवला. तो वाचण्यासाठी फूरिये यांनी घरी नेला आणि मे महिन्यात फूरिये वारले. त्यांच्या कागदांत तो निबंध सापडला नाही. हा निव्वळ दैवाचा फेरा होता. पण प्वासाँ यांच्या सूचनेवरून जानेवारी १८३१ मध्ये त्याने तेच संशोधन पुन्हा लिहून दिले, तेव्हा मात्र दैवाला बोल लावता येत नाही. जुलैमध्ये प्वासाँ यांनी अहवाल दिला की, प्रयत्न करूनही ही सिद्धता आपणास समजली नाही; विवेचन पुरेसे स्पष्ट आणि सविस्तर नसल्याने तिचा खरेखोटेपणा ठरवता येत नाही; लेखकाने संपूर्ण सिद्धांत विस्ताराने मांडावा. व्हेर्निये यांनी शाळकरी मुलाला जे सांगितले होते, तेच चार वर्षांनी अकादमीने सांगितले.

असे कोणते गणित त्याच्या डोक्यात होते? दहावीच्या विद्यार्थ्याला त्याची तोंडओळख सहज होईल. वर्गसमीकरण सोडवण्याचे सूत्र आपल्याला ठाऊक आहे. तिसऱ्या आणि चौथ्या घाताच्या समीकरणांची सूत्रे सोळाव्या शतकात इटलीत सापडली. पाचव्या घातासाठी असे सर्वसामान्य सूत्र असूच शकत नाही, हे नॉर्वेच्या आबेल यांनी १८२४ मध्ये सिद्ध केले. मग कोणते समीकरण वर्गमूळ, घनमूळ अशा मुळांच्या साह्याने सुटते आणि कोणते सुटत नाही, हे ओळखावे कसे? गाल्वाने उत्तर शोधले ते समीकरणाच्या मुळांच्या अदलाबदलीत. क्ष² − ४क्ष + १ = ० हे समीकरण घ्या. त्याची मुळे २ + √३ आणि २ − √३ अशी आहेत. त्यांची बेरीज ४ आणि गुणाकार १. दोन्ही मुळांची जागा परस्परांत बदलली तरी बेरीज आणि गुणाकार यांत काही फरक पडत नाही. वजाबाकीचे चिन्ह मात्र पालटते. कोणत्या अदलाबदलींत काय अबाधित राहते, याचा विचार करीत गेल्यास त्या अदलाबदलींचा एक सुसंघटित समूह तयार होतो, आणि समीकरण सुटणार की नाही हे त्या समूहाची रचनाच सांगते. सूत्रे शोधण्याऐवजी रचना पाहा, ही दृष्टी गणिताला त्या मुलाने दिली.

त्याचे उरलेले आयुष्य वादळी आणि अल्प होते. १८३० च्या जुलै क्रांतीत पॅरिसच्या रस्त्यांवर लोक लढत असता एकोल नॉर्मालच्या संचालकांनी विद्यार्थ्यांना आत कोंडून ठेवले. त्यांच्यावर टीका करणारे पत्र गाल्वाने वृत्तपत्रात छापवले आणि त्याला संस्थेतून काढून टाकण्यात आले. पोटापाण्यासाठी त्याने जानेवारी १८३१ मध्ये एका पुस्तकविक्रेत्याच्या दुकानात उच्च बीजगणिताचा खाजगी वर्ग उघडला. पहिल्या दिवशी सुमारे चाळीस जण आले. ती संख्या लवकरच रोडावली आणि वर्ग बंद पडला. १४ जुलै १८३१ रोजी, बंदी घातलेला राष्ट्ररक्षक दलाचा गणवेश अंगावर असताना, त्याला अटक झाली आणि पुढे शिक्षाही झाली. तुरुंगात त्याने गणित सोडले नाही. सुटकेनंतर महिनाभरातच तो एका द्वंद्वयुद्धात गुंतला. २९ मे १८३२ च्या रात्री त्याने ओग्यूस्त शव्हालिये या मित्राला प्रदीर्घ पत्र लिहून आपल्या शोधांचा आराखडा दिला आणि जुन्या हस्तलिखितावर दुरुस्त्या केल्या. आपला सारा सिद्धांत त्याने त्या एका रात्रीत लिहिला, ही समजूत खरी नाही. बहुतेक भाग आधीच लिहून झाला होता. एका सिद्धतेच्या बाजूला मात्र त्याने नोंद केली की येथे काही पूर्ण करावयाचे आहे, पण वेळ नाही. राहून गेलेली पायरी अखेर त्याच्या ध्यानात आली होती. ३० मे रोजी सकाळी त्याला गोळी लागली आणि ३१ मे रोजी रुग्णालयात त्याने प्राण सोडला. त्याला एकविसावे वर्ष चालू होते.

शव्हालिये आणि धाकटा भाऊ आल्फ्रेड यांनी त्याचे कागद जपले. ल्यूव्हील या गणितज्ञाने ते चिकाटीने वाचले, गाळलेल्या जागा समजून घेतल्या आणि १८४६ मध्ये ते आपल्या नियतकालिकात छापले. जगाला गाल्वा कळला तो मृत्यूनंतर चौदा वर्षांनी.

रिशार यांच्या वर्गात दरम्यान आणखी एक मुलगा येऊन बसला होता. त्याचे नाव शार्ल एर्मीत. त्यालाही परीक्षेच्या ठरीव अभ्यासापेक्षा थोरांचे मूळ ग्रंथ अधिक प्रिय होते. पॉलिटेक्निकच्या परीक्षेसाठी काताला या तरुण गणितज्ञाने त्याची तयारी करून घेतली. १८४२ मध्ये तो उत्तीर्ण झाला, तोही अडुसष्टाव्या क्रमांकाने. पुढे तो फ्रान्सचा अग्रगण्य गणितज्ञ झाला. गाल्वाच्या जपून ठेवलेल्या वह्या रिशार यांनी सोपवल्या, त्या याच एर्मीतकडे. एका विद्यार्थ्याच्या बाबतीत आलेले अपयश पदरी घेऊनही शिक्षकाने त्याचे धन दुसऱ्या विद्यार्थ्यापर्यंत पोहोचवले.

हे चरित्र वाचून गणितात राहिलेला प्रत्येक मुलगा गाल्वा असतो, असा भ्रम कुणी करून घेऊ नये. तसे सांगणे त्या मुलाची फसवणूक ठरेल. परंतु पुरवणी परीक्षेची तयारी करून घेणाऱ्याने या चरित्रातून तीन गोष्टी अवश्य घ्याव्यात.

पहिली गोष्ट निदानाची. जुनी उत्तरपत्रिका हाती आली तर ती मुलासमवेत शांतपणे वाचावी आणि गेलेल्या प्रत्येक गुणापुढे कारण मांडावे : रीतच माहीत नव्हती, रीत ठाऊक असून आकडेमोड चुकली, की उत्तर मनात असून पायऱ्या लिहिल्या नाहीत? या तीन दुखण्यांना तीन वेगळी औषधे आहेत. रीत माहीत नसेल तर मागच्या इयत्तेपर्यंत खाली उतरून पाया भरावा लागतो. अपूर्णांक कच्चे असताना समीकरणे घोटून घेण्यात अर्थ नाही. आकडेमोड चुकत असेल तर ताळा पाहण्याची सवय लावावी. आणि पायऱ्या गळत असतील, तर मुलाला फळ्यापाशी उभे करून प्रत्येक ओळ का लिहिली, हे मोठ्याने सांगावयास लावावे. हेच एक शिक्षण गाल्वाला वेळेवर पचले नाही.

दुसरी गोष्ट मनाची. रिशार यांच्यासारखा शिक्षक, कोशींपर्यंत पोहोचलेले संशोधन, एवढी तयारी असतानाही घरचा आघात त्या मुलाबरोबर परीक्षेच्या दालनात शिरला असणार. पुस्तक उघडण्यापूर्वी मुलाच्या घरी काय चालले आहे, त्याला झोप लागते का, त्याच्याशी कुणी बोलते का, हे ज्याने विचारले नाही त्याने अर्धीच तयारी करून घेतली.

तिसरी गोष्ट मानाची. परीक्षा हवीच, आणि पायऱ्या लिहिणे ही परीक्षकाची खोडी नसून ते दुसऱ्या माणसाविषयीचे सौजन्य आहे, हे मुलाला समजावून द्यावे. मला कळले, एवढ्याने गणित पुरे होत नाही. तुलाही कळावे म्हणून मी लिहितो, तेथे ते पुरे होते. पण हे शिकवताना त्याच्या वहीत जे चांगले असेल ते आधी पाहावे आणि तसे बोलून दाखवावे.

साठ वर्षांत आपल्या शाळेने किती गुणवंत दिले, याचा हिशोब या ग्रंथात अन्यत्र असेलच. पुरवणी परीक्षेला बसणाऱ्या एखाद्या मुलाजवळ शाळा सुटल्यावर तासभर थांबलेल्या शिक्षकांचा हिशोब कुठेही लिहिलेला नसतो. रिशार यांच्या नावावर एकही प्रमेय नाही, पण गाल्वाच्या वह्या आज पॅरिसमध्ये जतन केलेल्या आहेत, त्या त्यांच्यामुळे.